पोकळीचे पंधरा टन

वजन म्हणजे काट्यावर दिसेल ते. बाकी सगळं अंदाजपंचे. या मताचा मी माणूस होतो आणि हे मत मनातल्या मनात ठेवलेलं नव्हतं, चारचौघांत छाती ठोकून सांगायचो. नागापूर एमआयडीसीतल्या माझ्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कुणी कॅल्क्युलेटर घेऊन पाइपाचं वजन काढायला बसलं की मी म्हणायचो, "माल समोर पडलाय, काटा हाकेच्या अंतरावर आहे, आणि तू कागद कसले रंगवतोस?" ते मत आता मी सोडलंय. पूर्ण सोडलेलं नाही. पण जेवढं सोडलंय तेवढं उघडपणे सांगितलेलं बरं, कारण धरलं होतं तेही उघडपणेच.

मत आलं उसातून. राहुरी तालुक्यातलं आमचं घर ऊसवाल्यांचं. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडातून नगरच निघतं) विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमाराला प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्यामागोमाग जिल्ह्यात कारखान्यांची रांगच लागली. त्या सगळ्या भागात घरातलं लग्न, विहिरीचं काम, पोराची फी, सगळं ठरतं ते काट्याच्या पावतीवर. रिकामी गाडी किती, भरलेली किती, वजाबाकी करा, झाला तुमचा ऊस. पावतीवर भांडणं होतात, काटा मारला म्हणून बोंब होते, ऊस आधी बाहेरच्या काट्यावर तोलून न्यायची मागणी तर दर हंगामात होते. पण एवढं असूनही काट्याला पर्याय कुणी सुचवत नाही, कारण पर्याय नाहीच. उसाच्या मोळीचं घनफळ कोण काढणार? कांडी कुठे जाड कुठे बारीक, वाढं किती सोललं, पाचट किती राहिलं, कशाचाच मेळ नाही. वडील म्हणायचे, कागदावरचा ऊस नेहमी जास्तच भरतो. ते वाक्य मी लोखंडाला लावलं. तिथेच माझी गाडी वेगळ्या रस्त्याला लागली, पण ते कळायला वेळ गेला.

धंद्यात आल्यावर कागदावरचा अविश्वास आणखी पक्का झाला, आणि त्याला पाइपाचा स्वभावही कारण आहे. दोन इंची पाइप घ्या. मिडियम क्लास, निळ्या पट्टीचा. त्याचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर, जाडी ३.६, म्हणजे आतला व्यास ५३.१. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. बाहेरून मोजा, आतून मोजा, दोन इंची पाइपात दोन इंच कुठेच सापडत नाहीत. लाइट घेतला तर पट्टी पिवळी आणि जाडी २.९, हेवी घेतला तर पट्टी लाल आणि जाडी ४.५, नाव तिघांचंही दोन इंचीच. ज्या वस्तूचं नावच मापाशी जुळत नाही तिचा हिशेब मापावरून काय करायचा, असा माझा सवाल असायचा, आणि समोरचा गप्प बसायचा. समोरचा गप्प बसला म्हणजे आपलं बरोबर, असं मानायची सवय शेड चालवणाऱ्या माणसाला लवकर लागते.

कागदाची बाजू शेडमध्ये घेऊन आली ती डिप्लोमा झालेली एक मुलगी. तिचे वडील आमच्या गावचे, म्हणून मला काका म्हणायची आणि त्यामुळे बोलायला घाबरायची नाही. एस्टिमेट काढायचं काम तिच्याकडे दिलं होतं. ती प्रत्येक पाइपापुढे एक ओळ लिहायची: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा, त्याला जाडीने गुणायचं, मग ०.०२४६६ ने गुणायचं, आलं मीटरला किलो. दोन इंची मिडियमचं उत्तर ५.०३. सहा मीटरच्या लांबीला तीस किलो दोनशे ग्रॅम.

मी विचारलं, "हा झिरो पॉइंट झिरो टू फोर सिक्स सिक्स कुठून आणलास?"

तिने उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "काका, प्लेट वाकवून पाइप करायचा असला तर मिस्त्री प्लेट किती रुंद कापतात?"

हे मला झोपेतही येतं. बाहेरचा व्यास धरला तर प्लेट जास्त होते, आतला धरला तर कमी पडते. मधला व्यास धरायचा आणि त्याला ३.१४ ने गुणायचं. आमचे मिस्त्री २२ भागिले ७ करतात, पण गोष्ट तीच. रोलिंग मशीनमधून प्लेट गोल होऊन बाहेर आली की दोन्ही कडा एकमेकींना भेटल्या पाहिजेत, आणि भेटतात. "मग मी तेच उलटं करतेय," ती म्हणाली. "पाइप उभा चिरला, उलगडून सपाट केला. रुंदी मधल्या व्यासाला पायने गुणून, जाडी आहे तेवढी, लांबी एक मीटर. आलं घनफळ. त्याला लोखंडाच्या घनतेने, ७.८५ ने, गुणलं. पाय आणि ७.८५ चा गुणाकार करून मिलिमीटर-मीटरचा हिशेब जुळवला की तुमचा तो आकडा येतो."

मिस्त्री बाजूला उभे होते. ते म्हणाले, "शेठ, मग हे आपलंच आहे की."

मला त्या वेळी ते आवडलं नाही. कारण सळईच्या वजनाचं डी स्क्वेअर बाय १६२ हे मी स्वतः दिवसातून दहा वेळा वापरत होतो. स्लॅबच्या कामावरचा कोणताही सुपरवायझर वापरतो. १२ मिलिमीटरची सळई, १४४ भागिले १६२, मीटरला ८९० ग्रॅम. ते मी कधी गणित मानलंच नाही, ते मला लोखंडाचंच एक लक्षण वाटायचं. आणि पाइपाला फक्त एवढंच जास्त करायचं होतं की बाहेरच्या व्यासाच्या वर्गातून आतल्या व्यासाचा वर्ग वजा करायचा, मग तेच १६२. आधी भरीव सळई समजा, मग मधली सळई ओढून काढा. दोन्ही रीतींनी उत्तर तेच. एकदा मी कुणी नसताना कागदावर करूनही पाहिलं. पण उत्तर पटणं वेगळं आणि मत बदलणं वेगळं. उत्तर पटल्यावरही मी म्हणतच राहिलो की ठीक आहे, काट्यावर जे कळतं तेच तुम्ही लांबच्या रस्त्याने काढता, नवीन काय?

नवीन काय ते पाण्याने दाखवलं.

पाइपातून पाणी लांब नेणं आमच्या जिल्ह्याला नवं नाही. निजामशाहीत कापूरवाडीकडून शहराकडे जमिनीखालून खापरी नळ आणले होते. आमच्या काळात मुळा धरणाच्या पाण्यावर वांबोरीची पाइप चारी पाथर्डीच्या बाजूच्या पाझर तलावांपर्यंत गेली. आणि गावोगावच्या लहानमोठ्या उपसा योजना तर विचारूच नका. अशाच एका उपशाचं ओढा ओलांडण्याचं काम आमच्याकडे आलं. बारा इंची पाइप, म्हणजे बाहेरून ३२३.९ मिलिमीटर, जाडी सहा. ओढ्यात खांब उभे करून त्यावर पाइप टाकायचा. सहा मीटरचा एक नग मी काट्यावर घातला: २८० किलोच्या आसपास. कागदावर २८२. बघ, म्हटलं, तुझा कागद आणि माझा काटा एकच बोलतात, कागद कशाला हवा?

ती म्हणाली, "आणि पाणी?"

आतला व्यास ३११.९. एका मीटरमध्ये मावणारं पाणी ७६ लिटर, म्हणजे ७६ किलो. आणि मीटरभर पाइपाचं लोखंड ४७ किलो. पाणी पाइपापेक्षा जड. सहा मीटरच्या नगाला आतलं पाणी धरून ७४० किलो. खांबाला आयुष्यभर उचलायचे आहेत ते हे ७४०. काट्याने सांगितलेले २८० फक्त क्रेनवाल्याच्या कामाचे, तेही एका दिवसापुरते. लहान पाइपात असं होत नाही. दोन इंचीत मीटरला लोखंड पाच किलो आणि पाणी सव्वादोन. पाइप मोठा होत जातो तशी पोकळी वर्गाच्या हिशेबाने वाढते, जाडी मात्र तेवढी वाढत नाही, आणि कुठेतरी पाणी लोखंडाला मागे टाकतं. हे काट्याला कधीच दिसणार नाही, कारण काट्यावर पाइप येतो तो रिकामा. पोकळी तोलायची सोय काट्यात नाही.

इथपासून माझी भाषा जरा खाली आली. "काटा शेवटचा" असं म्हणायचो ते "काटा आधी, मग बाकीचं" असं म्हणू लागलो.

काट्याची खरी खोड पुढे एका खरेदीत निघाली. काट्याचं नाव घेत नाही, आणि दोष काट्याचाच होता असंही म्हणत नाही. दोन इंची मिडियमचे काळे पाइप, तीनशे नग, किलोच्या भावाने. कागद म्हणत होता नऊ टन साठ किलो, पावती त्याहून बरीच पुढे. आधीचा मी असतो तर पावतीचे पैसे देऊन मोकळा झालो असतो आणि वर म्हटलं असतं की बघा, माल तगडा आहे. या वेळी गाडीतून पाचसात नग काढून शेडमधल्या लहान काट्यावर घातले, व्हर्नियरने जाडी घेतली. नग बरोबर होते, तीस-तीस किलोच्या आसपासच. मग तीनशे नगांची बेरीज भलतीकडे कशी जाते? व्यापारी समजूतदार निघाला, दुसऱ्या काट्यावर गाडी नेली, विषय मिटला. पण मला त्या रात्री वडिलांचं वाक्य आठवलं आणि पहिल्यांदाच त्याच्याशी भांडावंसं वाटलं. ऊस स्वतःचं वजन सांगू शकत नाही, पाइप सांगतो. ज्याची लांबी, व्यास आणि जाडी ठाऊक आहे असा नग मोठ्या काट्यावर गेला की परीक्षा पाइपाची होत नाही, काट्याची होते. मोळीच्या नशिबी ते नाही, आणि मी मोळीचं नशीब पाइपाला लावून बसलो होतो.

उलट्या बाजूनेही हे चालतं आणि ते जास्त उपयोगाचं आहे. जाडी टोकाला मोजता येते, मधे नाही. टोकाला बरोबर भरलेला पाइप मधे कसा आहे हे डोळ्याला कळत नाही. भारतीय मानकातच मिडियम पाइपाची जाडी दहा टक्क्यांपर्यंत कमी चालते, म्हणजे ३.६ चे ३.२४ झाले तरी पाइप कायद्याने मिडियमच. तीन दशांश मिलिमीटरचा फरक बोटाला काय कळणार? पण सहा मीटरच्या नगाचं वजन २७ किलो आलं तर मीटरला साडेचार, आणि सूत्र उलटं फिरवलं की जाडी ३.२, म्हणजे सुटीच्याही खाली. वजन सबंध लांबीचं असतं, म्हणून ही जाडी सबंध लांबीची सरासरी. हे काट्याशिवाय होत नाही, आणि एकट्या काट्याने तर मुळीच होत नाही. इथे मी काट्याची बाजू घेतोय हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असेलच. जुनी भक्ती सगळी जात नाही.

आता पीव्हीसीबद्दल. हा भाग शेतकऱ्याच्या खिशाशी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

आमच्याकडे नाव नसलेला पीव्हीसी पाइप किलोवर मिळतो. शेतकरी नग उचलून बघतो. हलका लागला तर "पोकळ माल" म्हणून टाकतो, जड लागला तर घेतो. मीही हाच सल्ला द्यायचो: वजनावर घे, फसणार नाहीस. लोखंडात हा सल्ला चालतो, कारण लोखंडाची घनता कुणी बदलू शकत नाही. पीव्हीसीत ती बदलता येते. कच्च्या मालात चुनखडीची भुकटी घालतात. थोडी घालणं रीतसर आहे, सगळेच घालतात. पण चुनखडी पीव्हीसीपेक्षा जवळजवळ दुप्पट जड आणि पुष्कळ स्वस्त. चांगल्या पाइपाची घनता १.४० ते १.४६ च्या दरम्यान राहते. भुकटी वाढवली की ती वर चढते, आणि पाइप ठिसूळ होत जातो.

आता दोन पाइप घ्या, दोन्ही ९० मिलिमीटरचे. पहिल्याची जाडी ३ मिलिमीटर, घनता १.४३: मीटरला १,१७२ ग्रॅम. दुसऱ्याची जाडी २.७, घनता भुकटीने १.५८ वर नेलेली: मीटरला १,१७० ग्रॅम. काट्याला हे दोघं सख्खे भाऊ. दुसरा पातळही आहे आणि ठिसूळही, पाण्याच्या दाबाखाली आधी तोच फुटणार, ट्रॅक्टरचं चाक गेलं तर आधी त्याचाच चुरा होणार. आणि काटा म्हणतो दोघं सारखे. किलोवर विकणाऱ्याला तर दुहेरी फायदा, कारण भुकटीही पीव्हीसीच्या भावाने खपते.

हे मी फक्त कागदावर मानलं नसतं. म्हणून आम्ही करून पाहिलं. पाइपाचा वीतभर तुकडा हॅक्सॉ ब्लेडने कापला, मग उभा चिरून त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या, कारण सबंध तुकडा मोजपात्राच्या तोंडात जात नाही. पट्ट्या किराणा दुकानातल्या ग्रॅमच्या काट्यावर तोलल्या. शाळेतून मागून आणलेल्या मोजपात्रात पाणी घेतलं, पातळी वाचली, पट्ट्या सोडल्या, पुन्हा वाचली. पहिल्या वेळी आकडे जुळेनात. मग दिसलं की कापलेल्या खरबरीत कडांना बुडबुडे चिकटून बसतात आणि पाणी उगाच जास्त चढलेलं दिसतं. पात्राला टिचक्या मारून ते सोडवायचे. ग्रॅम भागिले पाणी चढलेले मिलिलिटर. जो पाइप हातात घेऊन मी गेली कित्येक वर्षं "हा घे, दणकट आहे" म्हणालो असतो त्याचं उत्तर १.६ च्या जवळ आलं. दुसरा, जरा हलका लागणारा, १.४३ वर थांबला. काळा एचडीपीई पाइपही सहज टाकून पाहिला. तो अर्थातच तरंगला, त्याची घनता पाण्याहून कमी, शेततळ्यावर पसरलेला पाइप पाहिलेल्या कुणालाही ते सांगायला नको.

एक शेतकरी तिथेच बसले होते, पाइप घ्यायला आलेले. सगळा खेळ बघून म्हणाले, "अण्णा, म्हणजे जड घ्यायचा का हलका?" याला सरळ उत्तर नाही, आणि सरळ उत्तर नसणं हेच माझ्या जुन्या मताला सगळ्यात जास्त लागलं. जाडी मोजून घ्या, मानकाचा शिक्का आणि दाबाचा आकडा पाइपावर छापलेला बघून घ्या, आणि मग वजन करा. वजन हिशेबापेक्षा कमी आलं तरी शंका घ्या आणि जास्त आलं तरी घ्या. माझं हे बोलणं त्यांना फारसं आवडलं नाही. त्यांना काट्यासारखा एक आकडा हवा होता. मलाही आयुष्यभर तोच हवा होता.

एवढं होऊनही माझ्या मताचा एक खुंटा रोवलेलाच राहिला होता. तो असा की हिशेब वाटेल तितका करा, शेवटी त्यावर शिक्कामोर्तब काट्याचंच. तो खुंटा उपटला तो विजापूरच्या तोफेने.

मुलुख-ए-मैदान तोफ नगरची आहे हे नगरमध्ये पुष्कळांना ठाऊक नसतं. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, १५४९ साली, मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या ओतकाराने ती नगरात ओतली. तोफेवर त्याचं नाव आणि हिजरी ९५६ कोरलेलं आहे. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तिथून १६३२ मध्ये मुरार जगदेवाने विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. इंग्रजांच्या अमदानीत, १८५४ साली, ती लिलावात दीडशे रुपयांना गेली आणि मग तो सौदा रद्द झाला अशी नोंद आहे. भंगाराचा भाव कळणाऱ्या माणसाच्या छातीत कळ यावी असा तो आकडा: टनाला पावणेतीन रुपये, आणि तेही अस्सल काशाला.

टनाला पावणेतीन मी काढले ते वजन ५५ टन धरून, कारण पुस्तकांत वजन ५५ टन दिलेलं असतं. हे वाचलं आणि जुन्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "कोणत्या काट्यावर?"

आणि मग मीच थांबलो. कोणता काटा? निजामशाहीत पंचावन्न टनांचा काटा कुठला? इंग्रज तिला विजापूरच्या बुरुजावरून उतरवून तोलायला घेऊन गेले असतील असंही वाटत नाही. म्हणजे हे ५५ टन कुणीतरी काढलेले आहेत. एका डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर मीही काढायला बसलो.

मापं पुस्तकागणिक इंच-दीड इंच इकडेतिकडे होतात, पण ढोबळमानाने लांबी १४ फूट ४ इंच, बाहेरचा व्यास ४ फूट ११ इंच, तोंडाशी आतला व्यास २ फूट ४ इंच. मीटरमध्ये ४.३७, दीडला किंचित कमी, आणि ०.७१. म्हणजे आमच्या शेडच्या भाषेत जाड भिंतीचा एक पाइप, बस. भरीव धरलं तर ७.७ घनमीटर. मधली पोकळी १.७३ घनमीटर. उरलेला धातू सहा घनमीटरला थोडा कमी. तोफेचं मिश्रण साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, घंटेच्या काशासारखं. त्याची घनता ८.७ धरली की ५२ टन येतात. पुस्तकातल्या ५५ ला तीनचार टन कमी. ते कुठे गेले? गेले नाहीत. तोफ म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेला पाइप नव्हे. मागे दारू भरायची खोली अरुंद असते आणि तिच्या पाठीला भरीव धातू. तेवढ्या लांबीत पोकळी कमी, धातू जास्त. तीनचार टनांचा हिशेब तिथे सहज बसतो. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या तोफेचं वजन ज्या सूत्राने निघालं ते आमच्या दोन इंची पाइपाचंच सूत्र होतं, आणि त्यावर शिक्का मारायला काटा आलाच नव्हता.

पण माझं मत बदललं ते यानेही नाही. बदललं ते रूमीच्या जागी स्वतःला उभं करून पाहिल्यावर. मीही धातूतला माणूस आहे, हे मला करता येतं.

ओतण्याआधी त्याला माल मागवायला हवा होता. पंचावन्न टनांत अकरा टन कथील. कथील दख्खनमध्ये निघत नाही, ते समुद्रापलीकडून यायचं. बंदर, व्यापारी, बैल, घाट, मग नगर. मागवताना आकडा सांगावा लागतो, आणि त्या वेळी तोफ अजून नाही, मग तोलणार काय? शिवाय धातू थंड होताना आकसतो, वरून भर घालायला जादा माल वितळवून ठेवावा लागतो. एका भट्टीत हे मावणार नाही, अनेक भट्ट्या एकदम तयार हव्यात. साचा निम्मा भरला आणि धातू संपला तर पुन्हा भरता येत नाही. सांधा राहतो, आणि सांधा राहिलेली तोफ पहिल्या बारालाच आपल्या माणसांना मारते. म्हणजे हिशेब आधी, आणि तो बरोबरच. काटा आला असता तरी तो सगळं झाल्यावर आला असता.

आणि मग पोकळी. तोफ पोकळ ओतायची तर साच्याच्या मधे मातीचा गाभा उभा किंवा आडवा धरून ठेवावा लागतो. त्याच्याभोवती पातळ धातू चढला की धातू गाभ्याला वर ढकलतो, पाण्यात घागर बुडवताना पाणी ढकलतं तसा, फक्त इथे पाण्याच्या जागी काशाचा रस आहे. किती जोराने? जेवढ्या धातूची जागा गाभ्याने अडवली तेवढ्या वजनाने. १.७३ घनमीटर गुणिले ८.७: पंधरा टन. मातीचा गाभा स्वतः फार तर साडेतीन टन. उरलेल्या अकरा-साडेअकरा टनांची उसळी रूमीला दाबून धरावी लागली असणार, लोखंडी आधार लावून किंवा वरून वजन ठेवून, त्याच्या काळची जी रीत असेल तिने. गाभा जरासा जरी सरकला तरी तोफेची भिंत एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ. तयार तोफेत जिथे हवा आहे, जिथे काटा शून्य दाखवील, तिथे त्या ओतकाराला पंधरा टनांशी झुंजायचं होतं.

मी त्या मुलीला चलनाची पाठ दाखवली. तिने घनमीटरांचे आकडे तपासले, एका जागी माझा दशांश खोडून नीट लिहिला आणि म्हणाली, "काका, बाहेरचा आकार सरळ नळीसारखा धरलाय तुम्ही. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे ना, हत्ती धरलेला? त्याचं काय?"

त्याचं सूत्र नाही. जबड्याला, दातांना, त्या हत्तीला सूत्र नाही. तिथे माझी मोळी परत आली. आम्ही बराच वेळ वाद घातला की ती नक्षी धातू वाढवते का कमी करते. माझं म्हणणं कमी करते, कारण जबडा वासलेला आहे. तिचं म्हणणं, आधी मागच्या खोलीची लांबी आणि व्यास पक्का करा, तिथे टनांचा प्रश्न आहे, हत्तीत किलोंचा. तिचं बरोबर असावं. येत्या दिवाळीत विजापूरला जायचं ठरतंय. टेप आणि मोठा कॅलिपर गाडीत टाकणार आहे. पुरातत्त्ववाले आत टेप घालू देतील की नाही, त्याचा मात्र काही हिशेब करता येत नाही.